जबड्या की ठिपक्या

सूनबाईला पंच करायचं ठरलं तेव्हा ती तिथे नव्हतीच. ती दवाखान्यात एका गृहस्थांची अक्कलदाढ उपटत होती. घरी आली तर दिवाणखान्यात गळप्रेमी मंडळाची बैठक रंगलेली, चहाच्या कपांचा ढीग पडलेला, आणि तिला पाहताच सगळी मंडळी टाळ्या वाजवायला लागली. कारण नसताना टाळ्या वाजल्या की माणसानं आल्या पावली मागे फिरावं, हे शहाणपण तिला अजून यायचं होतं. तिनं आपली हसून मान डोलावली. झालं! मंडळानं तो होकार धरला.

"बघा! मी सांगत नव्हतो?" सासरे गरजले. "आमची सूनबाई नाही म्हणायची नाही!"

सासरे अग्निशामक दलातून निवृत्त झाले होते आणि सगळा गाव त्यांना बंबसाहेब म्हणायचा. नोकरी सुटली तरी आवाज काही सुटला नव्हता. जेवताना त्यांनी मीठ मागितलं तरी तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी अडकलंय असं वाटायचं.

"कशाला नाही म्हणायचं नाही, बाबा?" सूनबाईनं विचारलं.

"पंच व्हायला! तळ्यावरच्या स्पर्धेला. आपले जुने पंच गुडघ्यांमुळे लेकीकडे राहायला गेले. बाकी आम्ही सगळे गळ टाकून बसणार. मग बघणार कोण? तू दिवसभर लोकांच्या तोंडात बघतेस. त्यात थोडे मासे आले तर काय बिघडलं?"

बिघडायचं ते असं होतं. तळ्यात गळाला लागणारे दोन मासे होते, जबड्या आणि ठिपक्या. दोघे सख्खे चुलतभाऊ म्हणावेत इतके सारखे. दोघांची पाठ हिरवट, दोघांच्या कुशीवर काळपट पट्टा, आणि गळाला लागल्यावर दोघेही असे झुंजायचे की काठी धनुष्यासारखी वाकायची. जबड्या वाढायचा चांगला थोराड, ठिपक्या त्याच्यापुढे बेताचाच. स्पर्धेत सगळ्यांत मोठ्या माशाला ढाल मिळायची, पण दोघांच्या ढाली वेगळ्या. त्यामुळे मासा बाहेर आला रे आला की भांडण सुरू व्हायचं. मोठ्या ठिपक्याला कुणी जबड्या म्हणायचं, पोरसवदा जबड्याला कुणी ठिपक्या म्हणून खपवायचं.

"माझी हरकत आहे," कोपऱ्यातून आवाज आला. ते घड्याळजी होते. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि डोळ्याला लावायचं भिंग ते दुकानाबाहेरही कपाळावर चढवून हिंडत. "सून याची, मासा याचा, आणि न्यायही याच्याच घरचा? मग आम्ही काय तळ्यावर हवा खायला यायचं?"

"तुला खायला तेवढीच मिळते दरवर्षी!" बंबसाहेब म्हणाले.

"ठिपक्याची ढाल कुणाच्या दुकानात आहे रे?"

"आणि जबड्याचा विक्रम कुणाच्या भिंतीवर आहे?"

दोघं शाळेपासूनचे मित्र. एकमेकांवाचून त्यांचं पान हलत नसे, आणि एकत्र आले की पटत नसे. भिंतीवरचा तो विक्रम म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या वर टांगलेला, पेंढा भरलेला भला मोठा मासा. तोंड आ वासलेलं, जणू काही तोही वाढायची वाट बघतोय. खाली पितळेची पट्टी: तळ्याचा विक्रमी जबड्या. घरात पाहुणा आला की आधी मासा दाखवायचा, मग बसायला खुर्ची द्यायची, असा रिवाज होता. सूनबाई लग्न ठरवायला आली तेव्हाही नवऱ्यामुलाच्या आधी मासाच दाखवला होता.

हरकत मतदानाला टाकली आणि पडली. सूनबाई पंच झाली.

पुढच्याच सुट्टीच्या सकाळी बंबसाहेब तिला शिकवायला तळ्यावर घेऊन गेले. नवरा टोपली धरायला बरोबर होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि कामाच्या सवयीनं त्याला कशाचीच घाई नसायची. थोड्या वेळानं बंबसाहेबांनी एक मासा ओढून काढला, ओल्या हातांनी तो सूनबाईसमोर धरला आणि म्हणाले, "हं. बघ."

सूनबाईनं बाह्या सरसावल्या, वाकली, आणि सवयीनं बोलून गेली, "आ करा."

मासा मुळातच आ करून होता. नवरा टोपलीत तोंड घालून हसायला लागला.

"अगं, आ नाही, मिट! तोंड मिट त्याचं!" बंबसाहेब ओरडले. पलीकडच्या काठावरचे दोन गळवालेही दचकून तोंड मिटून बसले. "उघडं तोंड सगळ्यांचं मोठंच दिसतं. मिटल्यावर खरं कळतं. वरच्या जबड्याचं टोक कुठवर जातंय बघ. डोळ्याच्या मागे गेलं तर जबड्या. डोळ्याखालीच थांबलं तर ठिपक्या."

आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावणाऱ्या बाईला तोंड मिटवून बघणं जड गेलं, पण हात मूळचा हलका होता. तिनं हनुवटीला हळूच वर रेटलं. टोक डोळ्याखालीच थांबलं.

"ठिपक्या," ती म्हणाली.

"शाबास! आता पाठीवरचे पर बघ. जबड्याचे दोन पर जवळजवळ तुटलेले असतात, मध्ये खिंड. ठिपक्याचे सलग. आणि पट्ट्याच्या खाली पोटावर ठिपक्यांच्या ओळी. तरी शंका आली तर जिभेवर बोट फिरव."

"जिभेवर?"

"ठिपक्याच्या जिभेवर दात असतात. बारीक, चकतीसारखे."

हे ऐकून सूनबाईला मासेमारीत पहिल्यांदाच गोडी वाटली. तिनं बोट घातलं. जीभ खरखरीत, नखं घासायच्या कानशीसारखी. ती हरखून गेली. दात, आणि तेही जिभेवर! मासा पाण्यात सोडताना तिला एखादा चांगला पेशंट निसटल्यासारखं वाटलं.

पण शिक्षण फुकट जात नाही, ते आपल्यालाच छळतं. त्या रात्री जेवताना तिनं सहज वर बघितलं आणि हातातला चमचा हातातच राहिला. भिंतीवरच्या माशाच्या पोटावर, पट्ट्याच्या खाली, ठिपके होते. ओळीनं. आणि पाठीवरचे पर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, खिंडीचा पत्ता नाही.

"काय गं, तिखट लागलं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. छान आहे."

"मग अशी भूत बघितल्यासारखी काय बघतेस?"

ती खाली मान घालून जेवली. सांगावं तर सासऱ्यांचं नाक कापलं जाणार, न सांगावं तर असला पंच काय कामाचा? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, तशी तिची गत झाली. निदान स्वतःची तरी खात्री करून घ्यावी, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. दवाखाना उघडायला अवकाश होता. तिनं खुर्ची ओढली, वर चढली आणि माशाच्या डोळ्याला डोळा भिडवला. तोंड तर आ वासलेलं, तेव्हा जबड्याचा माग लागेना. राहिली जीभ. तिनं तर्जनी आत घातली. गुळगुळीत लागलं. अजून आत घातली. मागे काहीतरी टोचलं. तिनं बोट वळवलं, आणि तोंड उघडं राहावं म्हणून पेंढा भरणाऱ्यानं आत बसवलेल्या तारेच्या वेढ्यात ते पेरापर्यंत जाऊन रुतलं.

ती ओढायला लागली. बोट निघेना. जोर केला तशी भिंतीतली खुंटी निघाली, आणि मासा, फळी, पितळेची पट्टी, सगळा विक्रम तिच्या हातात आला. ती खुर्चीवरून पडता पडता वाचली. मग उजव्या हाताला मासा लावून ती टेबलापाशी बसली आणि विचार करू लागली. सहा वर्षं शिकून मिळवलेल्या पदवीचा त्या क्षणी काडीचा उपयोग नव्हता. तारेत अडकलेलं बोट कसं काढावं, हे कुठल्याच वर्षाला नव्हतं.

आधी सासूबाई आल्या. पिशव्या खाली ठेवून त्यांनी सुनेकडे बघितलं, माशाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "बरं झालं काढलास. मागची भिंत पुसायचीच होती."

"आई, बोट अडकलंय!"

"अगं बाई!" मग साबण झाला, तेल झालं, गार पाणी झालं. बोट आणखी सुजलं. तेवढ्यात नवरा आला. त्यानं शांतपणे सगळीकडून माशाची पाहणी केली आणि सांगितलं, "आतला वेढा कापायला लागेल. माझी पक्कड जाडी आहे, इथे शिरायची नाही. बारीक हवी, घड्याळजीकाकांकडे असते तशी."

"खबरदार त्यांना बोलावलंस तर!" सूनबाई म्हणाली. "सगळ्या जगात एक ते सोडून कुणीही चालेल."

आणि दार वाजलं. बाहेर बंबसाहेब होते आणि त्यांच्या मागे, पंचांची तयारी कितपत झालीय ते बघायला आलेले घड्याळजी.

बंबसाहेबांनी आयुष्यभर जळती घरं बघितली होती, पण त्यांचा चेहरा असा कधी झाला नसेल. "माझा मासा!"

"बाबा, माझं बोट—"

"हो हो, बोट. बोटही महत्त्वाचंच आहे," ते म्हणाले. "पण ओढू नकोस. जबडा तुटेल. त्याचा, म्हणतोय मी."

घड्याळजींनी भिंग डोळ्यावर ओढलं आणि खिशातून चिमटीएवढी पक्कड काढली. ते माशावर वाकले. वाकले ते वाकलेलेच राहिले. भिंग तोंडाकडून पोटाकडे सरकलं, तिथे थांबलं, मग पाठीवर गेलं.

"बंब्या," घड्याळजी अगदी मऊ आवाजात म्हणाले, "इकडे ये जरा. पट्ट्याखाली काय आहे रे हे?"

"काय आहे?"

"ठिपके. ओळीनं. आणि पर बघ, सलग! अरे, इतकी वर्षं तू आम्हाला ठिपक्या दाखवून जबड्या म्हणत होतास! पाहुण्यांना दाखवलास! मंडळाच्या अध्यक्षांना दाखवलास! मला, मला याच्यासमोर उभं करून फोटो काढलास!" त्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. पक्कड हवेत नाचायला लागली.

बंबसाहेब मटकन खाली बसले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा आला. "नाही रे. असं कसं होईल?"

सूनबाईला इतकं वाईट वाटलं की बोटाची कळही ती विसरली. तेवढ्यात बिस्किट खात उभा असलेला नवरा म्हणाला, "पण काका, एवढा मोठा ठिपक्या असतो?"

"नसतोच मुळी! म्हणून तर—" घड्याळजी थांबले.

"म्हणजे तुमचा विक्रमी ठिपक्या याच्या निम्मासुद्धा नसेल, नाही का?"

घड्याळजींच्या खिशातली तीन घड्याळं वेगवेगळी ऐकू आली.

बंबसाहेब हळूहळू उभे राहिले. "ठिपक्या," ते म्हणाले. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्या मजल्याच्या आवाजात, "ठिपक्या! बरोबर आहे तुझं घड्याळ्या, शंभर टक्के ठिपक्या! ढाल आण माझी!"

"थांब, थांब," घड्याळजींनी घाईघाईनं भिंग पुसलं. "मला नीट दिसलं नव्हतं. उजेड कमी आहे. हा जबड्याच वाटतोय."

"ठिपके दिसत नाहीत तुला? ओळीनं?"

"ठिपक्यांचं काय एवढं! ठिपके कुणालाही येतात, वय झालं की!"

"पर सलग आहेत!"

"तुझं डोकं सलग आहे!"

दोघे माशाच्या दोन टोकांना धरून भांडायला लागले, आणि मासा सूनबाईच्या बोटाला असल्यामुळे प्रत्येक मुद्द्याला तिचा हात इकडून तिकडे जायला लागला. शेवटी दोघेही एकदमच तिच्याकडे वळले. "पंच काय म्हणतात?"

"पंच म्हणतात," सूनबाई दातओठ खाऊन म्हणाली, "की पंचांचं बोट आधी बाहेर काढा!"

"जिभेवर आहे ना बोट? मग सांग, खरखरीत आहे?" बंबसाहेब आशेनं म्हणाले.

"जीभ मेणाची आहे, बाबा."

"मेणाची?"

"पेंढा भरणाऱ्यानं बसवलेली. खरी जीभ कधीच गेली."

"मग पर! पर तरी खरे आहेत!"

"पर माझा आहे," सासूबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"म्हणजे कंगव्याचा. झटकताना पुढचा पर तुटला होता, तर मी जुना कंगवा कापून मागच्या पराला भिडवून बसवला आणि वरून रंग दिला. छान बसलाय की नाही?"

"हे तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं होतंत?"

घड्याळजींच्या जिवात जीव आला. "आणि हे ठिपके, वहिनी?"

सासूबाईंनी पदराचं टोक ओलं केलं आणि एका ठिपक्यावर घासलं. ठिपका निघून आला. "हे ना, माशांचे आहेत."

"तेच म्हणतोय मी, माशाचे आहेत!" बंबसाहेब म्हणाले.

"माशाचे नाहीत, माशांचे!"

"एका माशाचे काय, दहा माशांचे काय—"

"अहो, माश्यांचे! घोंघावतात त्या! टेबलावरून उठतात आणि याच्यावर जाऊन बसतात. पट्ट्याखाली रंगाचा उंचवटा आहे ना, तिथे ओळीनं. त्यांचीच घाण आहे ती."

बंबसाहेबांनी आपल्या विक्रमाकडे बघितलं. "या माशात," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "मासा म्हणून काही शिल्लक आहे का?"

"हाडं आहेत," सूनबाई म्हणाली. आता ती तिच्या इलाख्यात आली होती. "काका, तार कापा. मग मी सांगते."

घड्याळजींनी तार कापली. बोट सुटलं, सुजून वांग्यासारखं झालेलं. तारेचा आधार जाताच माशाचं तोंड लटकायला लागलं. बंबसाहेबांनी डोळे घट्ट मिटून घेतले. सूनबाईनं डाव्या हातानं काचेचा डोळा अलगद काढून टेबलावर ठेवला, म्हणजे हाडातली खरी खोबण मोकळी झाली. मग नवी कवळी बसवून बघावी तसं हळूहळू, जरासुद्धा जोर न लावता, तिनं ते तोंड मिटवलं. इतक्या वर्षांनी मिटलं ते.

वरच्या जबड्याचं टोक खोबणीखालून गेलं, आणि पार मागे गेलं.

"जबड्या," सूनबाईनं निकाल दिला.

बंबसाहेबांनी एक डोळा उघडला. "नक्की? परत एकदा बघ. घाई करू नकोस."

"बाबा, जबड्याच आहे. तुमची पट्टी बरोबर आहे. तुम्ही इतकी वर्षं खरंच बोलत होतात."

"हो, ते ठीक आहे," ते म्हणाले. पाच मिनिटांपूर्वी ज्या गोष्टीसाठी त्यांनी जीव दिला असता, ती हातात पडल्यावर त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. घड्याळजींच्या ढालीचं स्वप्न फार थोडा वेळ बघायला मिळालं होतं.

"मी म्हणतच होतो, जबड्या आहे म्हणून," घड्याळजी भिंग कपाळावर ढकलत म्हणाले. पण बोलता बोलता आपण कुणाची बाजू घेतोय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचाही चेहरा उतरला. दोघांपुढे सासूबाईंनी चहा ठेवला. दोघांनी तो बशीत ओतून संपवला. त्या संध्याकाळी दवाखान्यात सूनबाईनं सगळ्या पेशंटना नुसतं तपासून परत पाठवलं, आणि बोटाला काय झालं असं विचारणाऱ्यांना "मासा" एवढंच सांगितलं. त्यावर कुणी पुढे विचारलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी तळ्यावर ही गर्दी. सूनबाई पांढरा कोट घालून टेबलामागे बसली. कोपऱ्यावरच्या बेकरीवालीनं पहिल्यांदाच भाग घेतला होता. तिनं टोपलीतून तगडा ठिपक्या काढला. सूनबाईनं तोंड मिटवून बघितलं, पर बघितले, जिभेवरून बोट फिरवलं, आणि तीनदा "ठिपक्या" म्हणाली, कारण पहिल्या दोन वेळा बेकरीवालीचा विश्वासच बसेना.

बंबसाहेब आणि घड्याळजी एकाच होडीत होते. एकमेकांवर नजर ठेवायची तर दुसरा उपाय नव्हता. दुपार कलली तेव्हा दोघांच्या काठ्या एकाच वेळी वाकल्या. मोठा आरडाओरडा झाला, होडी दोनदा गोल फिरली, आणि पाण्यातून एकच मासा वर आला. त्याच्या तोंडात गळ दोन.

ते दोघे तो मासा मिळूनच धरून आले, कारण कुणी हात सोडायला तयार नव्हतं. जाडजूड, चकचकीत, बेकरीवालीच्या माशाहून बराच मोठा.

"सूनबाई, आधी कुठला ते सांग, मग कुणाचा ते बघू!" बंबसाहेब ओरडले.

सूनबाईनं दोन्ही गळ सोडवले आणि जिभेवर बोट ठेवलं. तिचे डोळे चमकले. "खरखरीत!" ती म्हणाली. "अजून तोंड मिटवून बघायचंय. नीट धरा."

"माझा आहे, मी धरतो," बंबसाहेब म्हणाले.

"तुझा कसा? गळ माझा खोल होता!" घड्याळजींनी शेपूट ओढलं.

माशानं दोघांचंही म्हणणं ऐकून घेतलं, एक झटका दिला, टेबलावरून उसळला आणि पाण्यात गेला. वर चार बुडबुडे आले, तेवढेच.

दोन्ही म्हातारे काठाशी ओल्या हातांनी उभे राहिले. बंबसाहेब म्हणाले, "तळ्यात एवढा ठिपक्या कधी निघाला नव्हता."

"कधीच नाही," घड्याळजी म्हणाले. शाळा सुटल्यापासून दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. मग दोघांनी एकदमच मागे वळून विचारलं, "पंचांनी तर बघितलाय ना?"

"तोंड मिटवायचं राहिलं," सूनबाई म्हणाली. "त्यामुळे तो मोजता यायचा नाही."

ठिपक्याची ढाल बेकरीवालीला मिळाली. मात्र ढालीवर नाव कोरायची बारीक हत्यारं गावात एकाच माणसाकडे होती. चार दिवस घड्याळजींनी ढाल दुकानात तशीच ठेवली. पाचव्या दिवशी ते बोट कसं आहे ते विचारायला म्हणून दवाखान्यात आले, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले, आणि मग हळूच म्हणाले, "पंचांना एक विचारायचं होतं. नाव अगदीच बारीक अक्षरांत कोरलं तर नियमात बसतं का गं?"